सुनेत्राताईंचे दहा पॉइंट

थांबा, आधी मला बसू द्या. निहार, ती बॅग सरकव ना. आणि प्रणव, लॅपटॉप बंद कर, नाहीतर मी सांगणारच नाही, आणि मला सांगायचंय, कारण कालची मॅच झाल्यापासून हे डोक्यात नुसतं फिरतंय, धड झोप नाही, आणि दोन वाजता माझी ग्रोसरी स्टोअरची शिफ्ट आहे. चहा तुम्ही पाजायचा.

हो, बास्केटबॉलचंच आहे. हसू नका. तुम्हाला त्यातलं ओ की ठो कळत नाही, माहितीये मला. मी सगळं पहिल्यापासून सांगते.

तर आमची टीम, 'ऑरेंजेस'. सुनेत्राताईंनी काढलेली, दोन हजार दहामध्ये, म्हणजे आपण तिकडे दहावीचे क्लास करत होतो तेव्हा. ताई नागपूरच्या, म्हणून संत्री, म्हणून ऑरेंजेस, आणि हाफटाइमला खायला पण संत्र्याच्याच फोडी, डब्यात, वर किंचित मीठ. आता त्रेचाळीसच्या आहेत. युनिव्हर्सिटीकडून खेळल्या, मग महाराष्ट्राकडून, आणि मग अकरा वर्षं शाळेत पीटी शिकवलं. इथे आल्यावर डेकेअरमध्ये लागल्या, अजून तिथेच आहेत. मी कॅनडात, वॉटर्लूला आले त्या जानेवारीत मराठी मंडळाच्या संक्रांतीला गेले होते, कोणालाच ओळखत नव्हते, कोपऱ्यात उभी होते, तर काठापदराच्या साडीतल्या एक बाई सरळ माझ्याकडे आल्या, तिळगूळ हातावर ठेवला, आणि 'गोड बोला' नाही, काही नाही, मला वरून खाली बघून म्हणाल्या, "उंची पाच-आठ? एक जंप मारून दाखव बरं."

मी मारली ना! हॉलमध्ये, जीन्स-कुर्त्यात! पुढच्या गुरुवारपासून टीममध्ये.

आणि दर गुरुवारी मॅच झाली की त्यांच्या व्हॅनमधून सगळ्यांना घरी सोडायच्या. मायनस पंचवीस असो, काही असो. प्रत्येकीला दारापर्यंत, आणि दार उघडून आतला दिवा लागेपर्यंत गाडी हलवायच्या नाहीत.

तर अशा सुनेत्राताई. आणि मला त्यांना टीममधून काढायचं होतं.

असं बघू नका ना. ऐका.

आमच्या लीगमध्ये प्रत्येक खेळाडूला पॉइंट असतात. एक ते दहा. चांगली खेळाडू, जास्त पॉइंट. आणि टीममधल्या सगळ्यांचे मिळून चाळीसच्या वर जायचे नाहीत, म्हणजे एकाच टीममध्ये सगळ्या वाघिणी नकोत. मला पाच आहेत. कृतिकाला सात, ती आमची पॉइंट गार्ड, म्हणजे बॉल पुढे नेऊन खेळ चालवणारी, फर्स्ट इयरला आहे, खेळते मात्र नऊची. आणि ताईंना दहा. पूर्ण लीगमध्ये दहावाल्या त्या एकट्याच. दोन हजार दहाला पहिल्या मॅचमध्ये त्यांनी एकतीस गुण मारले, आणि बाजूला शिट्टीवाली एक गोरी आजी बसली होती, ती पॉइंट ठरवायची, तिने कागदावर दहा लिहिले. लिहिले ते लिहिले. पॉइंट आपोआप कमी होत नाहीत. खेळाडूने स्वतः फॉर्म भरायचा, स्वतः आकडा लिहायचा, स्वतः सही करायची. कॅप्टनला अधिकार नाही.

आणि ताईंचे गुडघे गेलेत. दोन्ही. मागच्या सीझनला त्या कोर्टच्या या टोकाहून त्या टोकाला पोचायच्या तोपर्यंत बॉल परत आलेला असायचा. खेळतात चारच्या, मोजायचे दहा. त्या दहामुळे आठवी खेळाडू चाळिसात बसतच नव्हती, आम्ही सात जणींनीच पूर्ण हिवाळा काढला, बारापैकी अकरा मॅच हरलो, शेवटचे आलो. आणि लागोपाठ दोन वर्षं शेवटचे आलात की तुमचा गुरुवारचा जिम स्लॉट, म्हणजे कोर्टाची ठरलेली वेळ, जातो. इथे जिम मिळणं म्हणजे किती कठीण, वेटिंग लिस्टवर पाच टीम्स आहेत. एकदा गेला की गेला. टीम बंद. या वर्षी शेवटचे येऊन चालणारच नव्हतं.

आणि मार्चमध्ये ताईंनी कॅप्टन कोणाला केलं? मला. व्हॅनमध्ये, सिग्नलला थांबलेलो असताना. "ऊर्मी, आता तू पाहा. माझ्याच्यानं होऊन नाही राहिलं." मला वाटलं, काय मस्त! गाढव मी.

मग मी ट्रेड करायला निघाले. म्हणजे अदलाबदल, आपली एक खेळाडू द्यायची, त्यांची घ्यायची. एकतीस ऑक्टोबर, रात्री नऊपर्यंत मुदत. पहिल्यांदा डेबकडे गेले. डेब म्हणजे हिरव्या जर्सीच्या टीमची कॅप्टन, शाळेत शिकवते, पन्नाशीची, मोठ्ठ्याने हसते. मी म्हटलं, सुनेत्राताईंना घेणार का? ती म्हणाली, "हनी, आय लव्ह सुनेत्रा. बट टेन?" आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला, म्हणजे मला अजूनच रडू आलं. म्हणाली, तिने फॉर्म भरून चार करून घेतले तर उद्याच्या उद्या घेते मी तिला, बेंचवर बसून नुसती बोलली तरी चालेल. पण दहा देऊन कोणी घेणार नाही.

म्हणजे कळलं ना घोळ? नाव एवढं मोठं की दुसऱ्या कोणाच्या चाळिसात मावत नाही. आणि फॉर्म भरा असं त्यांना सांगणार कोण?

मग जसलीनकडे गेले, ती दुसऱ्या एका टीमची कॅप्टन. ब्रॅम्प्टनहून इकडे शिकायला आलेली, आर्किटेक्चरला आहे, महा चलाख. म्हणाली, "दीदी को ले लेंगे यार, रिस्पेक्ट है. लेकिन कृतिका भी साथ में." मी म्हटलं, पागल है क्या? तर म्हणे, "फिर दीदी को तू ही रख." आणि बर्फाची कॉफी पीत बसली. ऑक्टोबरमध्ये!

तीन आठवडे हेच. क्लास, शिफ्ट, असाइनमेंट, आणि मध्ये मध्ये कॅप्टन लोकांना मेसेज. किंग स्ट्रीटवर ते ट्रेनचे रूळ टाकून ठेवलेत ना, ट्रेनचा पत्ता नाही, तसं माझं झालेलं. सगळी तयारी, पुढे काहीच येत नाही.

त्यातच एक दिवस माझ्या काउंटरवर शशिकांतदादा आले, ताईंचे मिस्टर. बास्केटमध्ये फक्त फ्रोझन मटार. सहा पाकिटं. मी म्हटलं, दादा, मटार उसळ का? तर म्हणाले, "खायला नाहीत, गुडघ्याला आहेत. बर्फापेक्षा हे बरं बसतं." मग मागे कोणी नाही ना बघून हळूच म्हणाले, "सकाळी जिना बसून उतरते ती. एकेक पायरी. मी वर्तमानपत्र वाचतोय असं दाखवतो."

मी म्हटलं, दादा, मग तुम्ही सांगा ना त्यांना, पुरे म्हणून.

"मी? एकवीस वर्षं झाली लग्नाला. मला अजून राहायचंय त्या घरात. तू कॅप्टन ना? तू सांग."

मी टीमला सांगितलं. आमची मृणालिनी, पुण्याची, सॉफ्टवेअरवाली, तिच्याकडे सगळ्या गोष्टींचं शांतपणे उत्तर असतं. ती म्हणाली, "सांगायचं कशाला? सत्कार करू या."

"सत्कार?"

"शाल, श्रीफळ, मानपत्र. अगं, आपल्याकडे सत्कार झाला की माणसाला बरोबर कळतं. माझ्या सासऱ्यांना कळलं, बँकेतल्या साहेबांना कळलं. कोणी तोंडाने 'आता बसा' म्हणत नाही. शाल घालायची, बास. त्या स्वतःच म्हणतील, बाळांनो, आता तुम्ही खेळा."

आणि आम्हाला सगळ्यांना ते पटलं! तुम्हाला पण पटतंय ना, बघा, प्रणव मान हलवतोय. म्हणून तर म्हणते, आपण सगळे एकसारखेच.

एकवीस ऑक्टोबरला मंडळाचा दिवाळीचा कार्यक्रम होता, शाळेच्या कॅफेटेरियात. मंडळाचे अध्यक्ष हेमचंद्रकाका, त्यांना सत्कार म्हटलं की काही विचारायचंच नसतं, त्यांच्या घरी दोन शाली कायम स्टॉकमध्ये असतात. मरून रंगाची काढली. मानपत्र मी लिहिलं. लायब्ररीत बसून, मिडटर्मच्या आदल्या दिवशी. सात वर्षांची अविरत सेवा, अनेक खेळाडू घडवले, वगैरे, आणि शेवटी 'पुढील वाटचालीस हार्दिक शुभेच्छा'. म्हणजे शेवटी सगळे तेच लिहितात ना, दुसरं काय लिहिणार?

ताईंना स्टेजवर बोलावलं. तीन पायऱ्या होत्या. कठड्याला धरून चढल्या, हळूहळू, सगळं सभागृह टाळ्या वाजवतंय, आणि मी मनात म्हणतेय, हे बघा, हे सगळ्यांना दिसतंय, आता होईल. काकांनी शाल घातली, नारळ दिला. मी मानपत्र वाचलं. माझा आवाज मध्येच फाटला, लोकांना वाटलं भावना दाटून आल्या.

मग ताई माईकवर आल्या. म्हणाल्या, "आमची कॅप्टन म्हणते, पुढील वाटचाल. तर पुढील वाटचाल सांगून देते मी. अजून पाच वर्षं खेळून राहणार मी. आणि या वर्षी ऑरेंजेस खालून नाही, वरून मोजायची."

काय टाळ्या पडल्या! लोक उभे राहिले! हेमचंद्रकाकांनी डोळे पुसले. कृतिका माझ्या कानात म्हणाली, "वी आर सो डेड." मृणालिनी तर चकली तोंडात तशीच धरून बसली होती, चावायचीच विसरली.

मग पुढचे दहा दिवस मी काही केलं नाही. खरं सांगते. थकले होते. रोज म्हणायचे, उद्या फोन करते. एकतीस तारीख उजाडली. मंगळवार, हॅलोवीन. दुपारी जसलीनचा मेसेज, "आज नौ बजे तक. कृतिका प्लस दीदी. हाँ या ना?" त्या बदल्यात ती तिच्या दोन आठच्या आणि एक एकची नवशिकी देणार होती. दोन आठवाल्या मिळाल्या तर आम्ही शेवटचे येत नाही, हे सरळ दिसत होतं. पण कृतिका गेली तर मग टीम कसली? आणि दुसरीकडे तो फॉर्म. एक पानी. मी लायब्ररीत प्रिंट काढला, बॅगेत टाकला आणि सहा वाजता ताईंच्या घरी.

सोफ्यावर बसल्या होत्या. पाय स्टुलावर, गुडघ्यावर मटार. बाजूला चॉकलेटचं टोपलं. म्हणाल्या, "बरं झालं आली. बेल वाजली की तू ऊठ. हे टोपलं नट-फ्री आहे, दाणे-बदाम काही नाही, बिनधास्त दे." दादा शिफ्टला होते. मी बसले की बेल वाजायची. मी उठून देऊन यायचे. बाहेर भुरभुर बर्फ, सोंगं घेऊन दारोदार चॉकलेट मागणारी ती चिमुरडी पोरं, कॉश्च्युमवर विंटर जॅकेट घातलेलं, म्हणजे आत स्पायडरमॅन आहे की भोपळा, काही कळत नाही. परत येऊन बसायचे, तोंड उघडायचे, परत बेल. असं चार वेळा झालं.

पाचव्या वेळी मी बसले तर त्याच म्हणाल्या, "बॅगेतून काढ ना तो कागद."

मी बॅगेकडे बघितलं, मग त्यांच्याकडे.

"अशी काय पाहून राहिली? डेबनं फोन केला होता मला, फॉर्मचं पण तिनंच सांगितलं. तू जाऊन आली ना तिच्याकडे, त्याच रात्री. तिला काय, ती सरळ विचारते. म्हणे, सुनेत्रा, ऊर्मी तुला ट्रेड करून राहिली, तुला माहीत आहे ना?"

म्हणजे बघा, सत्काराच्या आधीपासून त्यांना माहीत होतं! शाल घालताना माहीत होतं! मी म्हटलं, "ताई, मग तुम्ही स्टेजवर पाच वर्षं कशाला म्हणालात?"

"राग आला होता."

बास. एवढंच. मग म्हणाल्या, "तू येऊन सांगशील म्हणून वाट पाहिली. तू शाल घेऊन आली. मानपत्र लिहिलं, आणि दोन ओळी तोंडानं नाही बोलली. काहून?"

बेल वाजली तर मला इतकं बरं वाटलं, काय सांगू.

परत आले तर त्या फ्रिजपाशी उभ्या होत्या. धरून धरून गेल्या असतील. फ्रिजवर मॅग्नेटखाली एक कागद होता, मी शंभरदा बघितलाय तो, वाचला कधीच नव्हता. लीगचं पत्र, दोन हजार दहाचं. नाव, आणि समोर दहा.

म्हणाल्या, "इथे आलो तेव्हा सगळे कागद तपासायला दिले. बीपीएड, एमपीएड, कोचिंगचं सर्टिफिकेट. एमपीएडचं काय झालं माहीत आहे? इथल्या दोन वर्षांच्या कॉलेजइतकं धरलं. अकरा वर्षं नोकरी केली ती शून्य. डेकेअरमध्ये लागले तेव्हा मला पोरांना बॉल कसा घरंगळत द्यायचा त्याचं ट्रेनिंग दिलं, तीन तास. या देशानं माझ्या प्रत्येक कागदाचे अर्धे मार्क कापले, पोट्टी. फक्त त्या म्हातारीनं मला खेळताना पाहिलं. तिनं काही कागद नाही मागितला. पाहिलं आणि दहापैकी दहा दिले."

मग माझ्याकडे बघून, "आणि तू म्हणते ते मी माझ्या हातानं खोडू."

मी म्हटलं, "ताई, नका भरू. मी जसलीनला हो म्हणते. ती तुम्हाला दहाच्या दहाने घेतेय." आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "फक्त कृतिका पण द्यावी लागेल."

त्यांनी आधी नीट ऐकलंच नाही. मग हळूहळू सोफ्यावर बसल्या. "म्हणजे मला घ्यायचं तर सोबत कृतिका."

"हो."

"हुंडा."

आणि हसायला लागल्या. खूप हसल्या, मटारचं पाकीट खाली पडलं. "माझ्या बापानं रुपया नाही दिला माझ्या लग्नात. आणि आता या वयात तू हुंडा देऊन पाठवून राहिली मला!" मी पण हसले, मग दोघी एकदम थांबलो.

"कृतिकाला नाही द्यायचं," त्या म्हणाल्या. "वेडी आहे का तू? ती पोट्टी म्हणजे टीम आहे पुढची. आण तो कागद."

मी दिला. पेन दिलं. त्यांनी नाव लिहिलं, आत्ताचे पॉइंट लिहिले, दहा. मग पुढची चौकट, नवे पॉइंट किती. पेन थांबलं.

"तू कॅप्टन आहे. तू सांग. किती?"

सांगा, तुम्ही काय सांगितलं असतं? परत बेल वाजली. एक एवढीशी युनिकॉर्न, जॅकेटच्या टोपीतून शिंग बाहेर काढलेलं. मी तिला पाच चॉकलेटं दिली. तिची आई थँक यू, थँक यू म्हणतेय, आणि मी दार धरून तशीच उभी. ती शेजारच्या घरी पोचेपर्यंत बघत होते. आत आले.

"सहा," मी म्हटलं.

"खोटारडी," म्हणाल्या, आणि चार लिहिले. सरळ. पोरींच्या वहीवर मार्क द्यावेत तसे. खाली कारणाला एकच ओळ होती. तिथे 'लेफ्ट नी' लिहिलं, मग थोडं थांबून पुढे, 'अँड राइट'. सही केली. मी फोनवर फोटो काढला, लीगला पाठवला. सात दहा झाले होते.

आणि मला इतकं हलकं वाटलं! कारण आता ट्रेडची गरजच नाही ना, कळतंय का तुम्हाला? दहाचे चार झाले, सहा मोकळे झाले, त्या सहात एक नवी खेळाडू येईल, आणि ताई आमच्यातच राहतील! एडमंटनहून आलेली एक उंच मुलगी वेटिंगवर होतीच, बरोबर सहाची. मी म्हटलं, "ताई, झालं! आता कुठे जायला नको!"

त्या म्हणाल्या, "डेबला फोन लाव."

"कशाला?"

"ती चारनं घेते म्हणाली ना मला? दे."

मी म्हटलं, ताई, अहो आता कशाला, आता तर सगळं बसलं. त्यांनी गुडघ्यावर मटार परत ठेवले, नीट, कडा दाबून. म्हणाल्या, "ऑरेंजेसमध्ये मी दहा होते. तिथंच चार होऊन बेंचवर बसू? तुम्ही सगळ्या दर गुरुवारी मला पाहणार, आणि मी तुम्हाला पाहणार की तुम्ही पाहून राहिल्या. नाही होत बाई माझ्याच्यानं. डेबच्या पोरींनी माझे दहा कधी जवळून नाही पाहिले. तिथं चार म्हणजे चार."

तीन आठवडे मी मरमर मरत होते, हा ट्रेड होत नव्हता. फोन लावला आणि चार मिनिटांत झाला! डेबने तिची एक चारची नर्स दिली, दिवसभर वॉर्डात पळते, कोर्टवर पण पळते. "ओ हनी, दॅट्स वंडरफुल!" म्हणाली. आणि मी इकडे ताईंच्या सोफ्यावर बसून रडतेय, त्या मला चॉकलेट देतायत, नट-फ्री.

आता कालचं. पहिलीच मॅच, आणि शेड्यूल असं की डेबविरुद्धच. ताई हिरव्या जर्सीत, नंबर अकरा. मला ओळखूच आल्या नाहीत एक सेकंद. बेंचवर बसल्या होत्या, आणि गुडघ्यांवर ती शाल. सत्काराची, मरून. आत मटार असणार.

हाफटाइमला आमच्याकडे संत्री नव्हती. कोणाच्या डोक्यातच आलं नाही. सात वर्षांत दुसऱ्या कोणी आणलीच नव्हती ना.

सेकंड हाफला डेबने त्यांना आठ मिनिटं आत घेतलं. आणि मी, कॅप्टन, मी काय सांगितलं पोरींना? सांगितलं, अकरा नंबरला सोडा, त्या चारच्या आहेत, त्यांच्यावर माणूस घालवू नका. बरोबरच आहे ना ते? तसंच खेळायचं असतं. आम्ही सोडलं. ताई कोपऱ्यात उभ्या, एकट्या. बॉल आला, मारला, रिंगला लागून बाहेर. परत आला, परत बाहेर. तिसरा गेला आत. आवाज पण आला नाही, नुसती जाळी हलली. आमच्या बेंचवर मृणालिनीने टाळी वाजवली आणि मग हात मांडीखाली घेतले.

नऊने जिंकलो आम्ही. ती एडमंटनवाली भारी आहे, एकटीने अठरा मारले. म्हणजे स्लॉट बहुतेक राहतो. टीम राहते. पोरी नाचल्या थोड्या, मग कपडे बदलून दाराशी आलो, आणि तिथे कळलं की आता घरी जायचं कसं, हा विचारच आम्ही कोणी केला नव्हता. बसला चाळीस मिनिटं होती.

व्हॅन दारात उभी होती. चालू. काच खाली करून ताई म्हणाल्या, "चढा ना. थंडी आत येऊन राहिली."

चढलो. मी पुढे बसले होते, नेहमीसारखी. किंग स्ट्रीटला त्या रुळांपाशी लाल सिग्नल लागला. तो किती मोठा असतो माहितीये ना, समोरून काही येत नाही, काही जात नाही, नुसतं थांबायचं. ताई समोर बघत होत्या. म्हणाल्या, "मी चौदा वर्षांची होते तेव्हापासून खेळून राहिले. कधी एक पोट्टी अंगावर, कधी दोन. मागच्या वर्षी पाय उचलत नव्हता तरी दोघी होत्या. कोपऱ्यात मोकळी उभी मी आज पहिल्यांदा राहिले." मग म्हणाल्या, "केवढी जागा असते गं तिथं."

मी म्हटलं, "ताई, मीच सांगितलं होतं त्यांना. सोडा म्हणून."

"माहीत आहे. मी पण तेच सांगितलं असतं."

सिग्नल हिरवा झाला. त्यांनी डावा पाय हाताने उचलून नीट ठेवला, गाडी काढली. सगळ्यांना सोडलं, शेवटी मला. मी उतरले, किल्ली सापडेना, बॅगेत शोधतेय शोधतेय, हात गारठलेले. मागे व्हॅन तशीच उभी. मी आत गेले, दिवा लावला, मग गेली.

पुढच्या गुरुवारी संत्री कोण आणणार ते अजून ठरलेलं नाही. मीच आणीन बहुतेक. मीठ किती घालतात, ते मात्र त्यांना विचारावं लागेल, आणि या वेळी तोंडाने विचारेन.

चला, एक चाळीस झाले, शिफ्ट आहे. चहाचे पैसे निहार देतोय.